ताराबाई मोडक आणि कडेवरचं भावंड



ताराबाई मोडक हे नाव आपण डी.एड.ला असताना पाठ केलेलं आहे. जन्म १८९२, मृत्यू १९७३, पद्मभूषण १९६२, कार्यक्षेत्र कोसबाड. जोड्या लावा या प्रश्नात गिजुभाईंसमोर भावनगर आणि ताराबाईंसमोर कोसबाड लिहिलं की मार्क मिळतो आणि विषय तिथंच संपतो. पण या बाईंनी सगळ्यात कठीण प्रश्न कोणता सोडवायला घेतला होता, ते त्या एका मार्कात येत नाही. तो प्रश्न आपल्या रहिमतपूर भागातल्या प्रत्येक शाळेच्या हजेरीपटावर आजही दिसतो. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहिते आहे.

प्रश्न असा. पहिली ते चौथीतली एखादी मुलगी महिनाभर नीट येते आणि मग अचानक आठवडाभर गैरहजर. घरी चौकशी केली की कळतं, ती आजारी नाही, गावाला गेलेली नाही. आई आल्याच्या काढणीला किंवा भांगलणीला गेली आहे आणि घरात दीड वर्षाचं बाळ आहे. ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर तर हे चित्र अजून ठळक दिसतं. आईबाप पहाटे फडात जातात. मागं राहते आठ-नऊ वर्षांची ताई आणि तिच्या कडेवर धाकटं भावंड. आपण पालक सभेत मुलीला शाळेत पाठवा असं कितीही सांगितलं तरी बाळाला कोणी सांभाळायचं, याचं उत्तर आपल्याकडे नसतं. ताराबाईंनी त्या उत्तरावर आयुष्याची शेवटची जवळजवळ तीस वर्षं घातली.

सुधारकाच्या घरातली मुलगी

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. आई उमाबाई. त्यांचा हा पुनर्विवाह होता. त्या काळात विधवेशी लग्न करणं म्हणजे नातेवाइकांनी दार बंद करणं. अशा घरात मुलींना शिकवावं की नाही हा वादच नव्हता. तारा शिकली, कॉलेजात गेली आणि १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.ए. झाली. तेव्हा बी.ए. झालेल्या मुली मोजक्याच होत्या.

पुढच्याच वर्षी कृ. वि. मोडक या वकिलांशी लग्न होऊन त्या अमरावतीला गेल्या. १९२० मध्ये मुलगी झाली, प्रभा. पण संसार टिकला नाही, १९२१ मध्ये दोघे वेगळे झाले. यावर चरित्रकारांनी बरंच लिहिलं आहे, मी इथं फार रेंगाळत नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच, की तान्ही मुलगी पदरात असलेली, एकट्याने कमवायची वेळ आलेली एक शिकलेली बाई होती आणि तिच्यापुढे पहिला प्रश्न शिक्षणशास्त्राचा नव्हता. मूल सांभाळून नोकरी कशी करायची, हा होता.

राजकोट आणि भावनगर

नोकरी मिळाली गुजरातेत. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात, म्हणजे स्त्री शिक्षिका घडवणाऱ्या संस्थेत, त्या प्राचार्य झाल्या. त्या खुर्चीवर बसलेल्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतात. पगार, मान, राहायची सोय, सगळं होतं. ते सगळं सोडून दोनच वर्षांनी, १९२३ मध्ये, त्या भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गेल्या. कारण तिथं गिजुभाई बधेका होते.

गिजुभाईंची गोष्ट आपल्या बाबा लोकांनी जरूर वाचावी. हा माणूस व्यवसायाने वकील. घरी मुलगा झाला आणि याला कसं वाढवायचं या विचारात त्यांनी माँटेसोरीबाईंचं पुस्तक वाचलं. वकिली मागं पडली आणि १९२० मध्ये भावनगरच्या टेकडीवर बालमंदिर उभं राहिलं. भल्यामोठ्या मिशांचा हा माणूस मुलांत इतका रमायचा की गुजरातेत त्यांना मिशाळ आई अशा अर्थाचं नाव पडलं. लहान मुलाचं करणं हे बायकांचं काम, असं म्हणणाऱ्यांना मी गिजुभाईंचा फोटो दाखवते.

माँटेसोरीबाईंचा विचार थोडक्यात सांगते, कारण पुढची सगळी गंमत त्यातच आहे. मारिया माँटेसोरी इटलीच्या डॉक्टर. १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह सुरू केलं. दिवसभर कामावर जाणाऱ्या आईबापांची मुलं जिन्यात, गल्लीत उंडारायची, त्यांच्यासाठी. म्हणजे माँटेसोरी पद्धतीचा जन्मच मुळी कष्टकऱ्यांच्या वस्तीत, मुलं सांभाळण्याच्या गरजेतून झालेला आहे. आज आपल्याकडे तालुक्याच्या गावात ज्या शाळेवर माँटेसोरीची पाटी असते तिची फी पाहिली की हे खरं वाटत नाही, ती गोष्ट वेगळी. तिथं मुलं काय करायची? हात धुवायची. बटणं लावायची. एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओतायची. झाडायची, पुसायची. खरखरीत आणि गुळगुळीत यातला फरक बोटांनी ओळखायची. मोठ्यांनी करून द्यायचं नाही, मुलाला करू द्यायचं आणि आपण बाजूला बसून बघायचं.

भावनगरला ताराबाई आठ-नऊ वर्षं राहिल्या. तिथंच १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. संघाचं मासिक शिक्षण पत्रिका, तिची मराठी आवृत्ती ताराबाईंनी १९३३ पासून चालवली. या मासिकाचा वाचक शिक्षक जितका होता तितकाच पालक होता. मुलाला मारू नका, बागुलबुवाची भीती घालू नका, बक्षिसाची लालूच नको, शेजारच्या मुलाशी तुलना नको, अशा गोष्टी त्या काळात आईबापांना सांगणं म्हणजे धाडस होतं. छडी लागे छमछमचा तो जमाना. घरातले वडीलधारेच म्हणणार, आम्ही मार खाऊनच मोठे झालो.

दादर

गुजरातेतून परत आल्यावर ताराबाईंनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केलं. हे मराठीतलं बालशिक्षणाचं मोठं केंद्र झालं. बालवर्गासोबत शिक्षिका तयार करण्याचं कामही तिथं चालायचं. १९३९ मध्ये खुद्द माँटेसोरीबाई भारतात आल्या, महायुद्धामुळे इथंच अडकल्या आणि देशभर या पद्धतीचा गाजावाजा झाला. ताराबाईंचं नाव तेव्हा मोठं होतं. त्या तिथंच राहिल्या असत्या तरी डी.एड.च्या पुस्तकात त्यांचा परिच्छेद आला असताच.

पण दादरच्या मुलांचे आईबाप शिकलेले होते, नोकरदार होते. माँटेसोरी साहित्याचे गुलाबी मनोरे आणि घडीव लाकडी ठोकळे त्यांना परवडायचे. देशातली बहुतेक मुलं मात्र खेड्यात होती. गांधीजींनी १९३१ साली लंडनमध्ये माँटेसोरीबाईंच्या संस्थेला भेट दिली तेव्हाही हाच मुद्दा होता, की हे शिक्षण भारतातल्या गरीब मुलांपर्यंत कसं पोहोचणार. पुढं १९४४-४५ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर गांधीजींनी नई तालीमचा विचार सात वर्षांच्या खाली, थेट बाळाच्या जन्मापर्यंत नेला. हा विचार मान्य असणारे पुष्कळ होते. खेड्यात जाऊन बसणारं कोण?

ताराबाई गेल्या. १९४५ मध्ये. तेव्हा त्या त्रेपन्न वर्षांच्या होत्या. आपल्यातले बरेच जण या वयात बदली सोयीच्या शाळेवर मिळावी म्हणून प्रयत्न करतात. यात वाईट काही नाही, गुडघे दुखतात, घरच्या जबाबदाऱ्या असतात. पण म्हणूनच हे वय मुद्दाम सांगितलं.

बोर्डी

बोर्डी हे डहाणू तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव. तेव्हा ठाणे जिल्हा, आता पालघर. तिथं आचार्य भिसे यांच्यासारखे शिक्षणाला वाहून घेतलेले लोक आधीपासून काम करत होते. ताराबाईंनी तिथं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. त्यांच्यासोबत आल्या अनुताई वाघ. वय पस्तीस. अनुताई तेराव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेल्या, जिद्दीनं शिकलेल्या, पुण्यात हुजूरपागेत नोकरी करणाऱ्या. दोघींच्या वयात अठरा वर्षांचं अंतर, पण ही जोडी शेवटपर्यंत टिकली. ताराबाई विचार मांडायच्या, आराखडा करायच्या आणि अनुताई तो मातीत उतरवायच्या, असं साधारण म्हणता येईल.

तो काळही लक्षात घ्या. त्याच १९४५ साली त्याच भागातले वारली वेठबिगारीविरुद्ध गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली उठले होते. सावकार आणि जमीनदाराच्या शेतावर फुकट राबणारी माणसं. त्यांच्या मुलांना बालशिक्षण, असं नुसतं म्हणून बघा. अंगावर कपडा नाही, पोटात अन्न नाही, खरूज, नायटे, वाहती नाकं. तिथं अक्षरओळख कुठून सुरू करणार?

ताराबाई-अनुताईंनी ती आंघोळीपासून सुरू केली. मुलं आली, आणली, की आधी हात-पाय-तोंड धुणं, आंघोळ, नखं काढणं, केस विंचरणं. आणि हे शाळा भरण्यापूर्वीचं काम म्हणून उरकायचं नाही. हाच पहिला तास. कारण त्यात सगळं होतं. पाणी गरम आहे की गार, हे स्पर्शाचं शिक्षण. हात, कोपर, गुडघा, घोटा ही नावं म्हणजे भाषा. एक तांब्या, दोन तांबे हे गणित. आणि मुख्य म्हणजे कोणीतरी आपल्याला प्रेमानं हात लावतंय, हा अनुभव.

आपल्याकडे आजी बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालते तेव्हा हेच करते. तेल चोळताना हात-पाय आडवे-तिडवे करते, टाळूवर तेल भरते, तोंडानं काहीबाही गाणं चालूच असतं. बाळ तिच्या तोंडाकडे टक लावून बघतं. ताराबाईंचं मोठेपण मला यात दिसतं, की त्यांनी परदेशातून आलेल्या शास्त्राला आजीच्या मांडीवर आणून बसवलं. आणि उलटही केलं. आजीच्या सवयींत जे घातक होतं, भीती घालणं, अफू देऊन झोपवणं, डागणं, ते सोडा म्हणून सांगितलं. जुनं ते सगळं सोनं, असं त्यांनी कधी मानलं नाही.

दुसरी गोष्ट साहित्याची. दादरचे लाकडी संच इथं परवडणार नव्हते आणि बिघडले तर दुरुस्त कोण करणार? म्हणून परिसरातलं गोळा केलं. समुद्रकाठचे शिंपले, गोटे. बिया, पानं, काटक्या, करवंट्या, बांबूचे तुकडे, माती. लहान-मोठा क्रम लावायला शिंपले. रंगाची छटा ओळखायला पानं, कारण एकाच झाडाच्या पानांत किती हिरवे असतात ते बघा. आवाज ओळखायला बंद डबीत घातलेल्या वेगवेगळ्या बिया. तत्त्व माँटेसोरीचं, वस्तू गावची. आज आपण शैक्षणिक साहित्य निर्मितीच्या कार्यशाळेत थर्माकोल आणि चमकी कागद घेऊन बसतो तेव्हा मला ती शिंपल्यांची टोपली आठवते. थर्माकोलला स्पर्श एकच, वास नाही, वजन नाही. मुलाला त्यातून मिळतं काय?

आता तिसरी गोष्ट, जी आपल्या रोजच्या बोलण्यात येऊन बसली आहे. केंद्र चालू केलं तरी सगळी मुलं तिथं यायची नाहीत. हरिजन वस्तीतली यायची नाहीत, लांबची यायची नाहीत. काहींना येऊ देत नव्हते, काहींना वेळेवर उठवून पाठवायला घरी कोणी नसायचं. मग उपाय काय? बालवाडीच वस्तीत न्यायची. झाडाखाली किंवा एखाद्याच्या अंगणात. शिक्षिका सामानाची पिशवी घेऊन जाणार, अंगण झाडून घेणार, मुलं गोळा करणार, आंघोळी, गाणी, गोष्टी, खेळ. म्हणून ती अंगणवाडी. एका ठिकाणी भरते ती केंद्रवर्ती बालवाडी आणि अंगणात भरते ती अंगणवाडी, असा त्यांचा शब्दांचा फरक होता. वस्तीतल्या अंगणात भरली की आया कडेला उभ्या राहून बघायच्या. मूल कसं न्हाऊ घालायचं, नखं कशी काढायची, रडणाऱ्या मुलाशी कसं बोलायचं, हे त्यांना वेगळं शिकवायला लागलं नाही.

कडेवरचं भावंड

पुढं १९५६-५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. इथं वारली आदिवासींचे पाडे, एकमेकांपासून लांब विखुरलेले. ताराबाई आता पासष्टीच्या.

इथं तो सुरुवातीचा प्रश्न पूर्ण ताकदीनिशी समोर आला. प्राथमिक शाळेच्या वयाची मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती मोकळी नाहीत. मुलगे गुरांमागं. मुली धाकट्या भावंडामागं. आवणीच्या दिवसांत, गवत कापणीच्या दिवसांत आईबाप दिवसभर बाहेर, तेव्हा तर कोणीच नाही. एखादी मुलगी शाळेच्या दारापर्यंत येते, कडेवर बाळ असतं, बाळ रडायला लागलं की निघून जाते.

शाळेचा साधा नियम कोणता? बाळ घेऊन यायचं नाही. वर्गात गोंधळ होतो. आपणही हेच म्हणतो आणि शिकवायला खरंच त्रास होतो, हे मी नाकारत नाही. एका वर्गात तीस मुलं, त्यात दोन बाळं रांगायला लागली की फळ्याकडे कोण बघतं?

ताराबाईंनी नियमच उलटा केला. बाळालाही आणा. एकाच आवारात पाळणाघर, त्याला लागून बालवाडी, त्याला लागून प्राथमिक शाळा. ताई आली, बाळाला पाळणाघरात ठेवलं, मधल्या भावाला बालवाडीत सोडलं आणि आपण वर्गात जाऊन बसली. मधल्या सुट्टीत जाऊन बाळाला बघून यायचं. याला त्यांनी विकासवाडी म्हटलं. आणि गुराख्यांसाठी कुरणशाळा, म्हणजे गुरं चरतात तिथं शिक्षकानेच जायचं.

ऐकायला किती सोपं वाटतं. पण यात एक मोठा विचार आहे, जो आपल्या व्यवस्थेत अजूनही नीट रुजलेला नाही. आपल्याकडे अंगणवाडी एका खात्याची, शाळा दुसऱ्या खात्याची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात हक्क आहे तो सहा ते चौदा वयाचा. तीन ते सहासाठी सरकारनं व्यवस्था करावी एवढं म्हटलं आहे. तीनच्या खालच्याबद्दल शाळेच्या कायद्यात काही नाही. ताराबाईंनी मात्र पन्नास वर्षं आधी दाखवलं होतं, की सहा वर्षांच्या मुलीचा शाळेचा हक्क तिच्या एक वर्षाच्या भावाच्या पाळण्यावर टांगलेला आहे. पाळणा सोडवला नाही तर वर्ग भरत नाही.

आणि दुसरी बाजू, बाळाची. नऊ वर्षांची ताई बाळ सांभाळते म्हणजे नेमकं काय करते? ती त्याला कडेवर घेते, पडू देत नाही, रडलं की काहीतरी तोंडात देते. तिच्याकडून यापेक्षा जास्त अपेक्षा करणं अन्याय आहे, ती स्वतःच लेकरू आहे. पण बाळाला त्या वयात जमिनीवर सोडायला हवं असतं. रांगायला, वस्तू उचलायला, तोंडात घालून बघायला, आपटायला, टाकून द्यायला. दिवसभर कडेवर असलेलं बाळ सुरक्षित असेल, पण ते खेळत नाही. म्हणजे एका कडेवर दोन बालपणं अडकलेली असतात.

सातारा जिल्ह्यातल्या आपल्या सगळ्यांना अभिमान वाटेल असा एक धागा इथं जोडून देते. खंडाळा तालुक्यातल्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाईंनी जोतिरावांसोबत १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणं सावित्रीबाई करायच्या, त्या बाळांना वाढवायच्या आणि त्यातलाच एक, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. मुलींची पहिली शाळा आपण लक्षात ठेवतो, पाळणे विसरतो. शाळा काढणाऱ्या बाईला पाळणाही हलवावा लागतो, हे ताराबाईंच्या ऐंशी वर्षं आधी आपल्या नायगावच्या लेकीनं करून दाखवलं होतं.

आपल्या घरी, आपल्या अंगणवाडीत

आता पालकांसाठी थोडं. ताराबाईंचं वाचून घरी काय करायचं, असं मला एका आईनं विचारलं होतं. खेळणी आणू नका, असं मी म्हणणार नाही. पण आणलेल्या गाडीपेक्षा मूल तिच्या खोक्याशी जास्त खेळतं, हे तुम्हीच सांगता ना?

सहा-आठ महिन्यांचं बाळ बसायला लागलं की त्याच्यापुढे एक परडी ठेवा. त्यात लाकडी चमचा, स्टीलची वाटी, कापडाचा तुकडा, सुकलेला दोडका, मोठी करवंटी कडा घासून गुळगुळीत केलेली. एक गार, एक ऊबदार, एक खरखरीत, एक वाजणारं. आपण शेजारी बसायचं आणि हात गुंतवायचा नाही. ते काय आधी उचलतं, काय तोंडात घालतं, काय फेकतं ते बघायचं. दीड-दोन वर्षांच्याला रिकामे डबे आणि त्यांची झाकणं द्या. पाण्याची छोटी घागर आणि दोन पेले द्या, अंगणात, सांडलं तरी चालेल अशा जागी. अडीच-तीन वर्षांचं मूल तुमच्याबरोबर मेथी निवडू शकतं, शेंगा फोडू शकतं, चपातीचा गोळा लाटू शकतं. चपाती वाकडी होईल. ती त्याच्याच ताटात वाढा. पेन्सिल धरायची ताकद या बोटांत अशीच येते. तीन वर्षांच्या मुलाकडून वहीत पानभर अ गिरवून घेणाऱ्या शाळा पाहिल्या की मला मुलापेक्षा त्या बोटांची दया येते.

एक सावधगिरी. बियांचे खेळ तीन वर्षांच्या आतल्या मुलाला एकटं सोडून द्यायचे नाहीत. चिंचोके, शेंगदाणे, वाटाणे, मणी नाकात जातात, घशात अडकतात. गुंजा तर घरातच आणू नका, दिसायला सुंदर असल्या तरी विषारी असतात. आणि पाण्याची बादली भरून ठेवून बाजूला जायचं नाही, वितभर पाणीही रांगत्या बाळाला धोक्याचं असतं.

जेवताना मोबाईल समोर धरायची सवय हल्ली सगळ्या घरांत आहे, वस्तीवरसुद्धा. मी भाषण देत नाही, कामाच्या धबडग्यात आईला दुसरा मार्ग सुचत नाही हे मला कळतं. फक्त एवढं पाहा, की आंघोळ आणि जेवण हे बाळाच्या दिवसातले तुमच्याशी समोरासमोर बोलण्याचे दोन हक्काचे वेळ आहेत. त्यातला निदान एक तरी मोबाईलशिवाय ठेवा. बाबांनो, आंघोळ तुम्हीही घालू शकता. गिजुभाई आठवा.

शिक्षक मित्रांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात अशी तरतूद केली होती, की कामावर आलेल्या बायकांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांच्यातल्याच एका बाईला मुलं सांभाळायचं काम द्यायचं आणि त्याची मजुरीही द्यायची. केंद्र सरकारच्या पाळणा योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची कल्पना आहे. आपल्या केंद्रात असं काही मंजूर होऊ शकतं का, हे पर्यवेक्षिका ताईंना आणि ग्रामपंचायतीला विचारायला हरकत नाही. गैरहजर मुलीच्या घरी आपण नाहीतरी जातोच. जाताना हजेरीपटासोबत ही माहितीही न्यावी, घरी किती वर्षांचं बाळ आहे त्याची नोंद करावी. चार-पाच घरांची नोंद झाली की बोलायला आकडा हातात येतो, नुसती तक्रार राहत नाही. वस्तीवर एखादी आजी पैसे न घेता किंवा थोड्या मोबदल्यात दोन तास चार बाळं बघायला तयार असते, तेही विचारून पाहावं. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून त्या बसू शकतात का, हे शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवता येतं.

शेवटची वर्षं

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. तेव्हाही त्या कोसबाडलाच होत्या. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या.

त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. सुरुवातीला देशभरात फक्त ३३ प्रकल्प होते. त्या योजनेतल्या केंद्राला नाव मिळालं अंगणवाडी. पोषण आहार, लसीकरण, वजन-उंची, पूर्वप्राथमिक शिक्षण, सगळं त्या एका शब्दाखाली आलं. काश्मीरपासून केरळपर्यंत सरकारी कागदांवर हा शब्द आज आहे. अंगण मात्र बहुतेक ठिकाणी गेलं आणि सिमेंटची खोली आली. पाळणाघराचा भागही सुरुवातीच्या योजनेत नव्हता.

अनुताई वाघ टेकडीवरच राहिल्या. ताराबाईंच्या मागे जवळजवळ वीस वर्षं त्यांनी काम पुढं नेलं. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९९२ मध्ये त्याही गेल्या. त्यांचं कोसबाडच्या टेकडीवरून हे पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात असायलाच हवं. नसेल तर पुढच्या खरेदीच्या यादीत घाला.

कोणाला प्रत्यक्ष बघायला जायचं असेल तर पश्चिम रेल्वेच्या डहाणू रोड किंवा घोलवड स्टेशनला उतरायचं. आपल्याकडून मुंबईमार्गे जावं लागतं, एक मुक्काम धरून चला. दिवाळीनंतर गेलात तर हवा चांगली असते. जाण्यापूर्वी संस्थेशी बोलून घ्या आणि शाळा चालू असतानाच जा, सुट्टीत नको.